सतरावा चौकोन

भूशास्त्राची ती वही अजून माझ्याकडे आहे. हिरव्या कडक पुठ्ठ्याची, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात मावेल एवढी. एक कोपरा हातोडीखाली येऊन चेपलाय. उघडली की कोणालाही आधी एकच गोष्ट दिसते. उजवी पानं गच्च भरलेली आहेत आणि डावी जवळजवळ सगळी कोरी.

ती तशी असायला नको होती. पहिल्या वर्षाच्या पहिल्याच तासाला मॅडमनी नियम सांगितला होता. दगडासमोर उभं राहून लिहायच्या वहीत डावं पान डोळ्यांचं. जे दिसतं तेवढंच त्यावर यायचं: चित्र, माप, रंग, दिशा. उजवं पान डोक्याचं. हे असं का झालं असेल, याचा अर्थ काय, ते तिथे. आणि डावं भरल्याशिवाय उजव्याला पेन लावायचं नाही.

मॅडम म्हणजे आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागातल्या एकट्या मराठी. चार पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या घरातल्या. वर्गात इंग्रजी, शिपायाशी कन्नड आणि व्हरांड्यात माझ्याशी त्यांच्या घरची मराठी, जिच्यात दर तीन वाक्यांमागे एक कन्नड ‘स्वल्प’, म्हणजे ‘जरा’, यायचा. माझी वही तपासताना त्या लाल शाईने एकच शेरा मारायच्या: डावं पान कुठे?

मी मनात म्हणायचे, बघण्यात एवढं काय आहे? बघणारे पुष्कळ आहेत, बोलणारे नाहीत.

हे मी घरातून आणलं होतं. बाबा निपाणीकडचे, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लेथवर. मी चालायला लागले त्याआधीपासून ते कामगार संघटनेची पत्रकं लिहितात. आधी मराठीत लिहायचे, मग आई त्याचं कन्नड करायची, आणि मी चौथीत गेल्यापासून आईचं कन्नड मी तपासायचे. आमच्या घरात कॉटखाली, कपाटावर, शिलाई मशीनच्या टोपणात पत्रकांचे गठ्ठे असायचे. माझी सगळी गणितं त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर सोडवलेली आहेत. गोष्टीची पुस्तकं नंतर आली. मी आधी वाचायला शिकले ते ‘बंधूंनो’ आणि ‘धिक्कार असो’.

बाबांचं पत्रकाचं शास्त्र पक्कं होतं. पहिल्या ओळीत दोषी कोण, दुसऱ्या ओळीत त्याने काय केलं, तिसऱ्या ओळीत आपली मागणी. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असं वाटतं’ हे शब्द आमच्याकडे चालत नसत. “त्या शब्दांच्या फटीतून मालक निसटतो,” बाबा म्हणायचे.

भूशास्त्र मी घेतलं तेही लढायलाच. शहराभोवतालच्या टेकड्या फोडून खडी होत होती, तलावांच्या काठांवर मजले चढत होते, आणि मला त्याविरुद्ध दारूगोळा हवा होता. वर्गात मिळाला भलताच माल. उन्हाने दगड कसा फुगतो आणि रात्री कसा आकसतो. झाडाचं मूळ भेगेत शिरून काय करतं. पावसाचं पाणी दगडातलं काय काय विरघळवून नेतं आणि मागे लाल माती उरते. आपण जिच्यावर घरं बांधतो ती जमीन म्हणजे कुजलेला दगड, हे मला आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. पण प्रत्येक पाठात तो शब्द यायचा, ‘कदाचित’. ही दरी कदाचित अशी झाली. हा थर कदाचित वाहून गेला. एकदा मी वर्गातच विचारलं, “मॅडम, या विषयात नक्की असं काही आहे का?”

“आहे ना,” मॅडम म्हणाल्या. “डाव्या पानावर आहे. तू तिकडे जातच नाहीस.”

वर्ग हसला. मी चिडले.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही बंडेवर गेलो. बंडे म्हणजे उघडा, मोठा, एकसंध खडक. इथे सगळे तोच शब्द वापरतात. के. आर. पुरमहून बस बदलून तासभर पुढे एक गाव होतं आणि गावाबाहेर नाचणीच्या शेतांमधून हत्तीची पाठ वर यावी तशी ती उठलेली. मॅडम दर वर्षी पहिल्या वर्षाला तिथेच न्यायच्या. तीन मजल्यांएवढी उंच, सुमारे तीनशे कोटी वर्षं वयाची. करड्या दगडात पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या लाटा होत्या, पीठ मळताना दोन रंग मिसळावेत तशा. वरचा भाग कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. आणि या सगळ्याला आरपार कापत एक हातभर रुंदीची काळी भिंत गेली होती. खालून तापलेला रस भेगेत घुसून तिथेच गोठला की अशी भिंत होते. तिला डाइक म्हणतात.

जमीन एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. सगळे त्यांना अज्जा म्हणत. दर वर्षी मुलं आली की अज्जा ओट्यावर ताकाचं पातेलं ठेवायचे आणि प्रत्येकाला स्वतः पेला भरून द्यायचे. आम्हालाही दिलं. मी दोन पेले प्यायले.

मॅडमनी सुतळ्या बांधून बंडेचे चोवीस चौकोन केले होते. वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद, प्रत्येकाला एक. आपापल्या चौकोनाचं डावं पान प्रत्येकाने भरायचं, मग सगळी पानं जोडून एक मोठा नकाशा. “या वर्षीचा नकाशा कामाचा आहे,” त्या म्हणाल्या. “कशाच्या कामाचा ते आठवड्याने सांगते. स्वल्प धीर धरा. आणि जे दिसत नाही ते कोणी काढू नका.”

मला सतरावा चौकोन मिळाला. शेजारी सोळाव्यात माझी मैत्रीण. ती पुण्याची, तिचे आईवडील दोघंही आयटीत, घर मारतहळ्ळीत. ती गुडघ्यांवर बसून टेप लावत होती, भिंगातून बघत होती, जीभ बाहेर काढून चित्र काढत होती. मी माझ्या चौकोनात पाऊल टाकलं आणि मला पिवळा रंग दिसला.

दगडावर हातभर लांबीचा पिवळा पट्टा. ताजा. आठ-दहा पावलांवर दुसरा. मी मान वर केली तर खाली अज्जांच्या घराजवळ एक पांढरी जीप उभी होती, दोन माणसं टेप धरून जमीन मोजत होती आणि अज्जा त्यांना हाताने दाखवत होते, इथून इथपर्यंत.

मला आणखी काही बघायची गरज वाटली नाही. मी खडकावर बसले, वही उघडली आणि उजव्या पानावर लिहायला लागले.

“अगं, एवढं काय लिहितेस?” मैत्रीण म्हणाली. “टेप तर उघडली पण नाहीस.”

“हे बघ. पिवळ्या खुणा.”

“हो, मग?”

“मग काय मग? बंडे फोडायला काढलीय. ती जीप बघ. म्हातारा विकतोय.”

“असं कुठे लिहिलंय? असेल काहीतरी. गुरांसाठी वगैरे.”

“गुरं रंग वाचतात होय?”

“बाई, चिल. ते आजोबा तिथेच आहेत ना? जाऊन विचार. तुला कन्नड येतं. मला तर ‘सरी’ म्हणजे ‘बरं’, त्याच्या पुढे काही येत नाही, नाहीतर मीच विचारलं असतं.”

“विकणारा सांगतो का कधी, मी विकतोय म्हणून?”

तिने खांदे उडवले आणि परत भिंग डोळ्याला लावलं. तिथून अज्जांचा ओटा दोनशे पावलांवर असेल. दोनशे पावलं.

परतताना मॅडम वह्या गोळा करत होत्या. “सतरा?”

“मॅडम, घरी पूर्ण करते.”

“घरातून बंडे दिसते काय ग तुझ्या?” सगळे हसले. मॅडमनी वही परत दिली. “पुढच्या शनिवारी मी परत येतेय, राहिलेलं तपासायला. माझ्याबरोबर ये. फिरून सगळा चौकोन बघ, मग भर.”

म्हणजे मला पूर्ण आठवडा मिळाला होता. तो मी दोन दिवसांतच वापरून टाकला.

बाबांना उजवं पान वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. जन्मभर ते इतरांसाठी लिहीत आले. मुलीचं पहिलं पत्रक होतं ते. “माहिती पक्की ना?” त्यांनी एकदाच विचारलं.

“डोळ्यांनी बघितलंय, बाबा.”

मग त्यांनी पहिली ओळ घट्ट करून दिली. तीनशे कोटी वर्षांची बंडे एका म्हाताऱ्याने विकायला काढली आहे. दुसऱ्या ओळीत: गावाचा विश्वास, गुरांचं पाणी, पोरांचं शिक्षण, सगळं त्याने एका सहीत घालवलं आहे. सही झाली की नाही हे मला माहीत नव्हतं. वाक्याला ताल होता, म्हणून ते राहिलं.

रात्रीत त्याचं कन्नड केलं, प्रती काढल्या आणि रविवारी सकाळी मी त्या गावात गेले. डेअरीवर दूध घालायला रांग होती. प्रत्येकाच्या हातात एक-एक दिलं. बस थांब्यावर दिलं, देवळाच्या पायरीवर दगडाखाली दाबून ठेवलं. लोक लगेच वाचत होते. एकाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि चारजण भोवती जमले. मला माझं कन्नड इतकं चांगलं कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी मॅडमनी मला विभागात बोलावलं. टेबलावर माझं पत्रक होतं. “हे तुझं,” त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

“हो मॅडम.” माझी मान ताठ होती.

“किती खुणा बघितल्यास?”

“दोन.”

“बाकीच्या एकतीस?”

मला कळलं नाही. त्यांनी त्यांची स्वतःची वही उघडली, डावं पान. बंडेचं चित्र होतं आणि त्यावर तेहतीस पिवळ्या रेघा, प्रत्येकीपुढे अंतर लिहिलेलं. त्यांनी पेन्सिलीने एकीपासून दुसरीपर्यंत रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ फिरत फिरत परत पहिल्या खुणेला येऊन मिळाली. मधे, कड्यात धरावी तशी, डाइक, लाटा, पापुद्रे, सगळी बंडेची पाठ.

“याच्या आतलं राखायचं होतं,” मॅडम म्हणाल्या. “बाहेरचा उतार मुलं विकणार, आतली बंडे कॉलेजला शिकवायला ठेवायची, कायमची. म्हातारा दोन वर्षं भांडलाय पोरांशी यासाठी. गेल्या शुक्रवारी पोरं तयार झाली. जीपवाले त्याने आणले होते, हद्द पक्की करायला. कागद होईपर्यंत बोलू नका म्हणाला, गाव पोरांना हसेल. म्हणून मी तुम्हाला सांगितलं नाही. नकाशा त्या कागदाला जोडायचा होता.” मग माझ्या चौकोनावर पेन्सिल टेकवून: “तुझा चौकोन तू चालून बघितला असतास तर त्यातच तुला पाच खुणा मिळाल्या असत्या. पाच मिळाल्यावर माणूस विचारतो, या वळतायत कुठे?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. त्या नुसत्या पेन्सिल हातात धरून बसल्या होत्या.

दुपारीच आम्ही दोघी गावात गेलो. अज्जांच्या फाटकाला साखळी होती. ती साखळी मी आधी पाहिली नव्हती. सून ओट्यावर अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसली होती. मॅडमना बघून उठली, मला बघून परत बसली.

“मामंजींना वाचता येत नाही,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “मला वाचायला लावलं. दोनदा. दुसऱ्यांदा मी काही ओळी गाळल्या, तर म्हणाले, मघाशी अजून होतं की.”

अज्जा आतून आले. साखळीच्या पलीकडे उभे राहिले. मॅडम बोलत होत्या, समजावत होत्या, मुलगी लहान आहे म्हणत होत्या. ते ऐकत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“अक्का,” ते मला म्हणाले. माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस मला अक्का म्हणत होता. “त्या दिवशी ताक प्यायलात ना तुम्ही? दोन पेले. मीठ कमी पडलं काय?”

“अज्जा, तप्पायितु,” मी म्हणाले. चूक झाली. कन्नडमधला साधा शब्द, बसमध्ये पाय लागला तरी म्हणतात. त्या वेळी माझ्याकडे तेवढाच होता.

“कागदावर छापून वाटलंत. आता तोंडाने मागे घेता?” त्यांनी साखळीवर हात ठेवला. “काल डेअरीवर मला रांगेत पुढे जायला सांगितलं. म्हणे, तुम्हाला काय, मोठी माणसं तुम्ही आता. माझी पोरं म्हणतात, राखूनही शिव्याच खायच्या तर विकून खाऊ. मी त्यांना काय सांगू? तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा.”



 परतीच्या बसमधून उतरताना मॅडम म्हणाल्या, “छापून गेलंय, तर छापूनच मागे घे. लगेच.”

घरी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “पक्की माहिती म्हणालीस,” एवढंच म्हणाले, आणि त्यांचं पुढचं वाक्य मला अजून ऐकू येतं: “मीही एकदाच विचारलं.” मग त्यांनी कागद पुढे ओढला. “चुकीची कबुली मी आजवर कधी लिहिली नाही. कशी लिहितात ग?”

आम्हाला दोघांनाही येत नव्हती. चार वेळा फाडली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुमच्या पत्रकात पहिल्या ओळीत दोषी असतो ना? मग लिही की तिथे स्वतःला.” तसं लिहिलं. बंडेबद्दल खोटं लिहिणारी मी आहे. अज्जा ती राखत होते.

दुसऱ्याच दिवशी बाबांनी पाळी बदलून घेतली आणि माझ्याबरोबर आले. बस थांब्यावर ते एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. इतकी वर्षं पत्रकं वाटलेला माणूस. हात पुढे करायची त्यांची एक सवय आहे, समोरच्याला घ्यावंच लागतं. त्या दिवशी लोकांनी घेतलं नाही. “त्या म्हाताऱ्याचंच ना? वाचलं की आम्ही.” “परत काय नवीन?” डेअरीवर ज्या माणसाने पहिलं पत्रक मोठ्याने वाचलं होतं, त्याने हेही घेतलं, वाचलं आणि हसून बाबांना विचारलं, “हे लिहायला किती दिले त्याने?”

ते मला सुचलं नव्हतं. दुसऱ्या पत्रकाने पहिलंच खरं ठरवलं. विकलेलं लपवायला म्हाताऱ्याने मुलीलाही विकत घेतलं, असं गावात झालं.  उरलेली पत्रकं बाबांनी पिशवीत भरली आणि घरी आल्यावर कॉटखाली ढकलली, बाकीच्यांच्या शेजारी.

त्याच आठवड्यात शुक्रवारी कागद झाला, पण दुसराच. मुलांनी सगळी जमीन एका खडीवाल्याला दिली, बंडेसकट. अज्जांनी अंगठा उठवला. मॅडम त्याआधी दोनदा जाऊन आल्या होत्या. त्यांना साखळी उघडली नाही. शनिवारही आला आणि गेला. माझा चौकोन बघायला आता कोणाला जाता येणार नव्हतं.

उन्हाळ्यात मी एकटी गेले, दूरच्या बांधावर उभी राहिले. दगडफोडे कसं काम करतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. खडकावर लाकडं रचून जाळ लावतात, जाळ हळूहळू पुढे सरकवत नेतात. वरचा पापुद्रा तापून खालच्यापासून सुटतो. एक बाई हातोडीने ठोकत, कान लावत पुढे जात होती. जिथे आवाज खणखणीत तिथे अजून चिकटलेलं, जिथे पोकळ तिथे सुटलेलं. ती जाळाची जागा त्या आवाजावरून ठरवत होती. आधी ऐकत होती, मग सांगत होती. मी घरून घोषणा घेऊन गेले होते, तिला आणि तिच्या माणसांना ओरडून सांगायला. ती माझ्याहून चांगलं भूशास्त्र करत होती. मी तशीच परत आले.

खाणीचं मी काही माफ केलेलं नाही. डोंगर फोडून खडी करणं मला आजही अन्याय वाटतं आणि ते मी लिहीत राहीन. पण ही बंडे खाणवाल्याच्या हातात मीच दिली. ती वाचली होती. माझं पत्रक निघेपर्यंत ती वाचलेलीच होती.

मॅडमनी नकाशा तरीही केला. तेवीस चौकोन जोडले, शाईने ओढले, रंग भरले. प्रयोगशाळेत दारासमोरच्या भिंतीवर तो लावला आहे. मधे उजवीकडे एक पांढरा चौकोन. मी त्यांना म्हणाले होते, मला आठवतंय ते काढून देते. “आठवतंय ते उजव्या पानावर लिही,” त्या म्हणाल्या. “यात नको.” मैत्रीण म्हणाली, उपग्रहाच्या जुन्या फोटोवरून भरू या. मॅडमनी तेही नाकारलं. तिथे कोणी गेलं नाही, कोणी मोजलं नाही, मग ते पांढरंच.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाची मुलं आली की त्यांना तो नकाशा समजावून सांगायचं काम मॅडम मलाच देतात. शिक्षा म्हणून देत असतील असं मला आधी वाटायचं. आता तसं वाटत नाही, पण विचारलेलं नाही.

परवा एका मुलीने नकाशावरच्या डाइकवर बोट ठेवलं. चौदाव्या चौकोनातून ती निघते, पंधराव्यातून जाते, सोळाव्यात माझ्या मैत्रिणीने तिची रुंदी, कड, दिशा सगळं काढलंय, आणि तिथून ती सरळ पांढऱ्यात शिरते. अठराव्यात ती नाही. वरच्या चौकोनात नाही, खालच्यात नाही. कोपऱ्यावरच्या बाराव्यात मात्र, भलत्याच जागी, हातभर काळा दगड दिसतो.

“अक्का, ही इथे संपली?” तिने विचारलं. “की जमीन सरकली आणि हिचा तुकडा तिकडे गेला?”

चांगला प्रश्न होता. जमीन सरकली असेल तर तिथून एक मोठी भेग जात असणार, आणि त्या सगळ्या भागाचा इतिहासच वेगळा लिहावा लागला असता. ते ठरवायला दहा मिनिटं लागली असती. टेप, होकायंत्र आणि चालणं. मी त्या डाइकपासून पाच-सात पावलांवर बसले असेन. कदाचित तिच्यावरच बसले होते. मला खरंच माहीत नाही. मी खाली बघितलंच नव्हतं.

“सांगता येत नाही,” मी म्हणाले.

“का? पाऊस आला होता?”

“नाही. ऊन होतं. सगळं नीट दिसत होतं.” मग मी तिला सांगितलं की तो चौकोन माझा होता.

तिने नकाशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिची नवी कोरी हिरवी वही उघडली आणि विचारलं, डावं पान कुठलं, हे का हे?